सबवूफरमुळे होणारा डिकीचा खडखडाट

सबवूफरमुळे होणारा डिकीचा खडखडाट म्हणजे मोटारगाडीच्या डिकीत बसवलेला सबवूफर वाजत असताना डिकीचे झाकण, नंबर प्लेट, प्लास्टिकची आवरणे, लॉक, तारा किंवा आत ठेवलेले सामान कंप पावून एकमेकांवर आपटल्याने निर्माण होणारा अनावश्यक आवाज होय. हा आवाज मूळ संगीताचा भाग नसतो. सबवूफर ज्या वारंवारितेवर वाजत असतो, तिच्यापेक्षा खडखडाटाची वारंवारिता बरीच जास्त असते; त्यामुळे खालच्या पट्टीतील स्वरांवर तो वेगळा उठून ऐकू येतो.

खडखडाट कमी करण्यासाठी डिकीच्या पत्र्याला अवमंदक शीट चिकटवणे हा सर्वाधिक प्रचलित उपाय आहे. मात्र बहुतेक वेळा आवाजाचे मूळ पत्र्याच्या कंपनापेक्षा दोन भागांमधील सैल जागेत असते. म्हणून आधी आवाजाचे नेमके ठिकाण शोधणे, मग सैल भाग घट्ट करणे, घट्ट न होणाऱ्या भागांमध्ये मऊ थर घालणे आणि शेवटी पत्र्याचे अवमंदन करणे, हा क्रम कमी खर्चाचा व अधिक परिणामकारक ठरतो.

स्वरूप व प्रकार

वाहन उद्योगात अशा अनाहूत आवाजांचा एकत्र अभ्यास केला जातो आणि त्यांचे सामान्यतः तीन प्रकार मानले जातात. दोन कठीण भाग एकमेकांपासून सुटून पुन्हा आपटले की *खडखड* होते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर अडकत-घसरत सरकले की *करकर* ऐकू येते. प्लास्टिकवर प्लास्टिक किंवा रबरावर रंगवलेला पत्रा घासला की हा प्रकार आढळतो. पातळ पत्रा किंवा सैल पट्टी सतत थरथरत राहिली की *झणझण* निर्माण होते.

हा भेद उपायांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. खडखड थांबवण्यासाठी भाग दाबून धरावा लागतो किंवा आघात शोषणारा थर घालावा लागतो. करकर थांबवण्यासाठी घर्षण होणारे पृष्ठभाग अलग करावे लागतात. झणझण मात्र बऱ्याचदा अवमंदनाने आटोक्यात येते.

कारणे

*हवेच्या दाबाचे बल*

मोटारीतील सबवूफर साधारणपणे २० ते ८० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनी निर्माण करतो. ४० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर असते, म्हणजे संपूर्ण गाडीपेक्षाही जास्त. त्यामुळे अशा ध्वनीचे तरंग गाडीच्या आत मोकळेपणाने पसरत नाहीत. बंद जागेतील हवेचा दाब जवळपास सर्वत्र एकाच वेळी वाढतो व कमी होतो. आतील जागेची कमाल लांबी २.५ मीटर धरल्यास ही अवस्था सुमारे ७० हर्ट्झच्या खाली सुरू होते. पूर्णपणे बंद व ताठ कक्षात या मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत वाढ होऊ शकते. प्रत्यक्ष गाडीत हवेची गळती आणि पत्र्याची लवचीकता यांमुळे ही वाढ कमी असते. तरीही घरातील खोलीच्या तुलनेत गाडीत खालचे स्वर सहज प्रबळ होतात.

या दाबाचे बल लक्षणीय असते. १२० डेसिबल पातळीला ध्वनीचा प्रभावी दाब २० पास्कल असतो. १ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या झाकणावर तो २० न्यूटन, म्हणजे सुमारे २ किलोग्रॅम वजनाइतके बल देतो, आणि ४० हर्ट्झला हे बल सेकंदाला ४० वेळा आत-बाहेर असे दिशा बदलते. पातळी ६ डेसिबलने वाढली की दाब व बल दोन्ही दुप्पट होतात.

*पेटीतून थेट पोहोचणारे कंपन*

सबवूफरचा शंकू पुढे ढकलला जातो तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पेटीवर तेवढेच बल मागे लागते. पेटी डिकीच्या तळावर सैल ठेवलेली असेल, तर ती सरकते, हलते आणि स्वतःच तळावर आपटते. घट्ट बांधलेली पेटी आपटत नाही, पण कंपनाचा काही भाग तळाच्या पत्र्याकडे जातो. काही पेट्यांत दोन सारखे स्पीकर परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून बसवलेले असतात. एकाच संकेतावर चालताना त्यांची प्रतिक्रियाबले एकमेकांना बऱ्याच अंशी रद्द करतात. हवेच्या दाबाने होणारा परिणाम मात्र या रचनेने कमी होत नाही.

*अनुस्पंदन*

प्रत्येक पत्रा, पट्टी किंवा कंस यांची स्वतःची एक किंवा अनेक नैसर्गिक वारंवारिता असतात. सबवूफरचा स्वर त्यांपैकी एखादीशी जुळला की अनुस्पंदन, म्हणजेच रेझोनन्स घडून कंपनाचा आयाम एकदम वाढतो. म्हणूनच एखादी गाडी एका गाण्यात शांत राहते आणि दुसऱ्या गाण्यातील एका विशिष्ट स्वरालाच खडखडते. नैसर्गिक वारंवारिता दृढतेबरोबर वाढते व वस्तुमानाबरोबर घटते. दृढता तीच ठेवून वारंवारिता निम्मी करायची असल्यास वस्तुमान चौपट करावे लागते.

*संपर्क सुटण्याची मर्यादा*

सपाट तळावर नुसती ठेवलेली वस्तू तळाचे खाली जाणारे त्वरण गुरुत्वीय त्वरणाहून जास्त झाले की तळापासून सुटते आणि पुन्हा आपटते. ४० हर्ट्झला यासाठी तळाची फक्त सुमारे ०.१६ मिलिमीटर आयामाची हालचाल पुरते. ८० हर्ट्झला तर सुमारे ०.०४ मिलिमीटर. डोळ्यांना न दिसणारी हालचाल मोठा खडखडाट का करते, याचे स्पष्टीकरण यात आहे. वस्तू पट्ट्याने किंवा स्क्रूने दाबून धरल्यास ही मर्यादा कित्येक पटींनी वाढते.

*कानाची संवेदनशीलता*

मानवी कान सर्व वारंवारितांना सारखाच संवेदनशील नसतो. ४० हर्ट्झचा शुद्ध स्वर जेमतेम ऐकू येण्यासाठी सुमारे ५० डेसिबल पातळी लागते, तर १,००० हर्ट्झचा स्वर २-३ डेसिबललाही ऐकू येतो. आघातातून निर्माण होणाऱ्या खडखडाटाची बरीच ऊर्जा अशा वरच्या, कानाला तीव्रतेने जाणवणाऱ्या पट्ट्यात असते. त्यामुळे सबवूफरच्या तुलनेत अत्यल्प ऊर्जेचा खडखडाटही झाकला जात नाही.

नेहमीची ठिकाणे

* नंबर प्लेट: पातळ ॲल्युमिनियमची पट्टी झाकणाच्या पत्र्यावर किंवा प्लास्टिकच्या चौकटीवर आपटते. बाहेरून ऐकू येणाऱ्या खडखडाटाचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.
* डिकीचे लॉक: लॉक ज्या धातूच्या कडीत अडकते तिच्यात थोडी जागा राहिली, तर संपूर्ण झाकण तेवढे हलते.
* रबरी गुटके व बीडिंग: झाकण बंद झाल्यावर ज्यांवर टेकते ते रबरी गुटके झिजल्यास किंवा बीडिंग दबून चपटे झाल्यास झाकणावरील ताण नाहीसा होतो.
* झाकण तोलणाऱ्या सळया: अनेक सेडान गाड्यांत झाकण उचलून धरण्यासाठी पीळ दिलेल्या पोलादी सळया असतात. त्या मधोमध एकमेकींना किंवा पत्र्याला लागतात.
* मागील पार्सल ट्रे व उंचावरील ब्रेक-दिवा: प्लास्टिकच्या खुंट्या सैल झाल्यास प्रवाशांच्या डोक्यामागेच आवाज होतो.
* तारा व लॉकचे दांडे: झाकणाच्या दोन पत्र्यांमधील पोकळीत त्यांचा पत्र्याला मार बसतो.
* मागील सीटची पाठ: दुमडता येणाऱ्या पाठीची कडी सैल असल्यास ती खडखडते.
* स्टेपनी व अवजारे: जॅक, पान्हा, धोक्याचा त्रिकोण आणि स्टेपनीचा मधला स्क्रू.
* हवा बाहेर जाण्याच्या झडपा: बंपरमागे असलेल्या एकदिशा रबरी पडद्या दाबाने फडफडतात.

शोध घेण्याची पद्धत

प्रथम सबवूफरची पेटी गाडीबाहेर काढून जमिनीवर ठेवून त्याच आवाजात वाजवली जाते. तेव्हाही खडखड ऐकू आली तर दोष डिकीत नसून पेटीत असतो: सैल स्क्रू, पेटीच्या सांध्यातून हवेची गळती, शंकूला लागणारी तार, छिद्रातून वेगाने जाणाऱ्या हवेचा फुसफुसाट किंवा क्षमतेपलीकडे ढकललेला स्पीकर. ही चाचणी वगळल्याने डिकीवर विनाकारण खर्च झाल्याची उदाहरणे सामान्य आहेत.

पेटी निर्दोष आढळल्यास डिकी पूर्ण रिकामी करून, स्टेपनी व अवजारेही काढून, चाचणी केली जाते. आवाज थांबला तर एकेक वस्तू परत ठेवून दोषी वस्तू ओळखता येते. आवाज चालू राहिला तर २० ते १२० हर्ट्झदरम्यान हळूहळू बदलत जाणारा शुद्ध स्वर वाजवून खडखडाट कोणत्या वारंवारितेला सुरू होतो याची नोंद घेतात. नंतर तोच स्वर स्थिर ठेवून एक व्यक्ती गाडीबाहेर व आत एकेक भाग तळहाताने दाबत जाते. ज्या भागावर हात ठेवताच आवाज बंद होतो, तो भाग किंवा त्याच्या लगतचा सांधा हे आवाजाचे ठिकाण असते. खालच्या स्वरांची दिशा कानाने ओळखणे कठीण असले, तरी खडखडाट वरच्या वारंवारितेचा असल्याने त्याची दिशा बऱ्यापैकी कळते.

चाचणी मध्यम आवाजात व थोड्या-थोड्या वेळाने थांबून करावी लागते. दीर्घकाळ वाजणाऱ्या शुद्ध स्वराने स्पीकरची तारगुंडाळी तापते आणि ऐकणाऱ्याच्या कानांवरही ताण येतो.

उपाय

*घट्ट करणे*

सुटलेले स्क्रू आवळणे, तुटलेल्या प्लास्टिकच्या खुंट्या बदलणे आणि स्टेपनी नीट कसणे हा पहिला टप्पा असतो. अनेक गाड्यांत झाकणाचे रबरी गुटके फिरवून वर-खाली करता येतात. ते किंचित वर घेतले की झाकण बंद असताना लॉकवर कायम ताण राहतो व कडीतील जागा भरून निघते. गुटके प्रमाणाबाहेर वर घेतल्यास झाकण बंद करण्यास जोर लागतो, लॉक अर्धवट बसते आणि झाकणाची कड शेजारच्या पत्र्याशी समतल राहत नाही.

*अलग करणे*

जे भाग आवळता येत नाहीत, त्यांच्यामध्ये मऊ थर घातला जातो. नंबर प्लेटमागे बंद पेशींच्या फोमच्या पट्ट्या लावतात, तारांना कापडी फेल्ट टेप गुंडाळतात, पीळ दिलेल्या सळयांच्या संपर्कस्थानी रबरी नळी किंवा फेल्ट बसवतात. प्लास्टिकच्या आवरणाची कड जिथे पत्र्याला टेकते, तिथे फेल्टची पातळ पट्टी पुरते. थर किंचित दाबला जाईल एवढी जाडी आवश्यक असते. सैल राहिलेला फोम काहीच उपयोगाचा नसतो.

*अवमंदन*

पत्र्याच्या कंपनाची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करून आयाम कमी करणे म्हणजे अवमंदन. पातळ पत्र्यावर चिकटवलेल्या थराने होणाऱ्या अवमंदनाचे विश्लेषण ओबर्स्ट या जर्मन संशोधकाने १९५२ मध्ये मांडले. श्यान-स्थितिस्थापक थरावर दुसरा ताठ थर बसवल्यास मधल्या थरात कर्तन घडून अवमंदन वाढते, याचे विश्लेषण एडवर्ड कर्विन यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. आज बाजारात मिळणाऱ्या, ब्यूटिल रबरावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेल्या शीट याच तत्त्वावर चालतात.

अशी शीट पूर्ण पृष्ठभागावर लावणे बहुधा आवश्यक नसते. पत्र्याच्या सर्वाधिक हलणाऱ्या मधल्या भागात, सुमारे पाव क्षेत्रफळावर लावलेली शीटही अनुस्पंदन बरेच कमी करते. पत्रा आधी स्पिरिटने पुसून तेल व धूळ काढणे आणि शीट रुळाने घट्ट दाबून आतील हवा काढणे महत्त्वाचे असते. नीट न चिकटलेल्या भागात कर्तन घडत नाही, आणि म्हणून अवमंदनही होत नाही.

अवमंदनाची एक मर्यादा आहे. ते नैसर्गिक वारंवारितेच्या आसपासच प्रभावी असते. पत्र्याची नैसर्गिक वारंवारिता सबवूफरच्या पट्ट्याच्या बरीच वर असेल, तर त्या पट्ट्यात पत्र्याची हालचाल मुख्यतः त्याच्या दृढतेवर ठरते. अशा वेळी शीट वाढवण्यापेक्षा आधार देणे किंवा सांधा घट्ट करणे उपयुक्त ठरते.

*पेटी व संकेतातील दुरुस्ती*

पेटी पट्ट्यांनी किंवा कंसांनी पक्की बांधणे खडखडाटासाठी जितके आवश्यक आहे, तितकेच सुरक्षिततेसाठीही आहे. धडकेच्या वेळी सैल पेटी प्रवाशांकडे फेकली जाऊ शकते. सेडानमध्ये पेटीची जागा व दिशा बदलल्यास डिकी आणि प्रवासी कक्ष यांतील ध्वनीचे प्रमाणही बदलते; त्यामुळे कमी शक्तीत तेवढाच आवाज मिळू शकतो.

खडखडाट एकाच अरुंद पट्ट्यात होत असेल, तर इक्वलायझरने तेवढाच पट्टा काही डेसिबलने खाली आणता येतो. गाडीच्या बंद जागेमुळे अनेकदा हाच पट्टा मुळात गरजेपेक्षा जास्त उठलेला असतो. अशा वेळी खडखडाट कमी होण्याबरोबर संगीतही अधिक संतुलित ऐकू येते. छिद्रयुक्त पेटीसाठी अतिनीच वारंवारिता गाळणारा फिल्टर वापरल्यास शंकूची निरुपयोगी हालचाल टळते.

साहित्य आणि हवामान

डांबरयुक्त शीट स्वस्त असतात, परंतु उन्हात तापलेल्या गाडीत त्या मऊ होऊन वास देऊ शकतात आणि झाकणाच्या आतल्या बाजूसारख्या उलट्या पृष्ठभागावरून सुटू शकतात. विदर्भ, मराठवाडा यांसारख्या तीव्र उन्हाळ्याच्या प्रदेशांत म्हणून ब्यूटिल रबराच्या शीट अधिक योग्य ठरतात. कोकण व गोव्यासारख्या दमट, जास्त पावसाच्या भागांत पाणी शोषणारा खुल्या पेशींचा फोम पत्र्याला लावल्यास ओल टिकून गंज चढण्याचा धोका असतो; तेथे बंद पेशींचा फोम वापरणे इष्ट असते. झाकणाच्या पोकळीत फुगणारा पॉलियुरेथेन फोम भरण्याचा उपाय टाळला जातो, कारण तो पाण्याचा निचरा अडवतो, फुगताना पत्र्याचा आकार बिघडवू शकतो आणि पुढील दुरुस्ती अवघड करतो.

गैरसमज

अवमंदक शीट म्हणजे ध्वनिरोधक, हा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात शीट पत्र्याचे कंपन कमी करते. सबवूफरचा ध्वनी गाडीबाहेर जाणे ती फारसे रोखत नाही. भिंतीची ध्वनिरोधक क्षमता तिच्या वस्तुमानाबरोबर व ध्वनीच्या वारंवारितेबरोबर वाढते: यांपैकी एक दुप्पट झाल्यास सुमारे ६ डेसिबलचा फरक पडतो. सबवूफरची वारंवारिताच अत्यंत कमी असल्याने काही किलोग्रॅम शीटने लक्षणीय फरक पडत नाही.

वजन वाढवले की खडखडाट जातोच, हेही सर्वस्वी खरे नाही. वस्तुमान वाढल्याने पत्र्याची नैसर्गिक वारंवारिता खाली सरकते, आणि जी आधी सबवूफरच्या पट्ट्याबाहेर होती ती त्या पट्ट्यात येऊ शकते. शिवाय झाकण जड झाल्यास ते तोलणाऱ्या सळया किंवा गॅस-दट्टे अपुरे पडून झाकण अचानक खाली येण्याचा संभव असतो.

सुरक्षितता व कायदेशीर बाबी

खडखडाट हा कधीकधी खऱ्या दोषाची सूचना असतो. अर्धवट बसणारे लॉक, सैल स्टेपनी किंवा सुटत आलेला कंस केवळ फोमने गप्प केल्यास मूळ धोका तसाच राहतो.

भारतात अनेक गाड्यांच्या डिकीत सीएनजी टाकी असते. तिच्या पट्ट्या, कंस व नळ्या यांना हात न लावता त्यांचा आवाज अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासून घेणे आवश्यक असते. गळती झाल्यास गॅस बाहेर नेणाऱ्या वाहिन्या झाकता येत नाहीत. इंधनटाकीच्या परिसरात तळाला भोके पाडणेही धोकादायक असते. पाण्याचा निचरा करणारी छिद्रे व हवा बाहेर जाण्याच्या झडपा बुजवू नयेत. झडपा बुजल्यास दरवाजे लावताना कानांवर दाब येतो आणि काचांवर बाष्प साचते. पडदा-एअरबॅग असलेल्या मागील खांबांच्या आवरणांत फोम कोंबल्यास एअरबॅग उघडण्यास अडथळा होऊ शकतो. ॲम्प्लिफायरभोवती हवा खेळती ठेवावी लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० नंबर प्लेटसंबंधी आहे. भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी सक्तीची आहे. मागील पट्टी एकदाच बसणाऱ्या कुलुपाने जोडलेली असते. ते काढताना मोडते. त्यामुळे पट्टी न काढता तिच्या कडांमागून फोमच्या पट्ट्या सरकवणे हा सोयीचा मार्ग ठरतो. पट्टीवरील अक्षरे किंवा सुरक्षाचिन्हे झाकली जाता कामा नयेत.

खडखडाट थांबल्यावर आवाज आणखी वाढवण्याचा मोह होतो; परंतु त्यामुळे श्रवणशक्तीवरील परिणाम टळत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेची शिफारस ८५ डेसिबल-ए पातळीला दिवसाला ८ तास इतकी असून पुढील प्रत्येक ३ डेसिबलला हा काळ निम्मा होतो. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात परिसरध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल-ए आहे. खालचे स्वर भिंती व खिडक्यांमधून सहज आत जात असल्याने आतून शांत वाटणारी गाडीही परिसरातील रहिवाशांना त्रासदायक ठरू शकते.

हेही पाहा

* अनुस्पंदन
* ध्वनिक्षेपक
* ध्वनिप्रदूषण
* डेसिबल